आठ तोळ्यांचा पाहुणा



वसंतात व्याख्याने ऐकावयास येणारा श्रोता मोठा सहनशील असतो. दिवसभराचे ऊन अंगावर घेऊन संध्याकाळी तो येथे येऊन बसतो. मग कोणी त्याला ज्ञानेश्वरीतील अद्वैत सांगतो, कोणी पाटबंधाऱ्यांचे अर्थशास्त्र, तर कोणी साऱ्या जगाच्या राजकारणाचा आढावा त्याच्यापुढे घेतो. अशा थोर विषयांच्या पंगतीत आज आम्ही जे पान मांडणार आहोत ते अगदीच लहान आहे. आमचा विषय आहे खार. पुरती वाढलेली खार शंभर ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे जुन्या मापाने आठ-साडेआठ तोळे. चालकांना आम्ही 'घरात आलेला रानजीव' एवढेच सांगितले, तेव्हा त्यांनी मोठ्या उत्सुकतेने "बिबट्याचे पिल्लू होते काय?" असे विचारले. त्यांची निराशा झाली. आपली होऊ नये असा आमचा प्रयत्न राहील.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गाय, बैल, शेळी, कुत्रा हे प्राणी आपल्या घरी असतात ते जुन्या कराराने. कुत्र्याने माणसाची सोबत पत्करली त्याला दहा हजारांहून अधिक वर्षे लोटली, असे शास्त्रज्ञ सांगतात. इतक्या पिढ्यांत त्याचा स्वभाव आपल्याला जुळता झाला आणि आपलाही त्याला. बैलाकडून आपण काम घेतो, त्याला वैरण घालतो, बेंदराला त्याची शिंगे रंगवतो. हा व्यवहार दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. खार, मुंगूस, ससा, साळुंकी यांनी असा कोणताही करार आपल्याशी केलेला नाही. ती आपल्या आढ्यावर राहतील, परसातल्या लिंबावर नाचतील, पण आपली होणार नाहीत. आणि तरीही क्वचित एखादा असा जीव घरात येतो, हातावर बसतो, आणि घरातल्या माणसांना कुठेतरी हलवून जातो. या नात्याला नाव काय द्यावयाचे, आणि त्यात आपले कर्तव्य कोणते, एवढाच आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडलेला होता. सेतुबंधनाच्या वेळी खारीने वाळूचे कण वाहिले आणि प्रभू रामचंद्रांनी तिच्या पाठीवरून तीन बोटे फिरवली, ही लोककथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. आपल्या देशात तीन पट्ट्यांच्या खारीप्रमाणे पाच पट्ट्यांचीही खार आढळते. तिच्यावरून प्रभूंनी सगळा हात फिरवला असावा. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात ब्राह्मणाच्या घरी वाढलेल्या मुंगुसाची कथा आहे. पाळण्यातल्या बाळावर येणाऱ्या सापाला तो मारतो, रक्ताने माखलेल्या तोंडाने दारात उभा राहतो, आणि पाणी घेऊन आलेली आई 'यानेच माझे मूल खाल्ले' असे समजून हातातली घागर त्याच्यावर टाकते. अविचाराने काही करू नये, हे या कथेचे तात्पर्य शाळेत शिकवतात. पण आणखी एक गोष्ट तीत आहे. मुंगूस त्या घरात मुलासारखा वाढला होता, तरी घराने त्याच्यावर पुरता विश्वास कधी टाकलाच नव्हता. विश्वास होता तो मुंगुसाच्या बाजूने.

तिसरी कथा भागवताच्या पाचव्या स्कंधातली, भरत राजाची. राज्य सोडून तो गंडकीच्या काठी तप करीत होता. पाण्यावर आलेली गाभण हरिणी सिंहाची गर्जना ऐकून घाबरली, तिने उडी मारली, आणि तिचे पाडस प्रवाहात पडले. हरिणी मेली. भरताने पाडस उचलले, वाढवले, आणि त्याचे मन हळूहळू जपापासून त्या पाडसाकडे गेले. ते दिसेनासे झाले की तो व्याकूळ होई. मरतानाही त्याच्या मनात तेच हरीण होते, म्हणून त्याला पुढचा जन्म हरिणाचा मिळाला. कीर्तनकार या कथेतून आसक्तीचा दोष दाखवतात आणि ते योग्यच आहे. पण आमच्या मते भरताने पाडसाला पाण्यातून काढले तेथे त्याचे काहीच चुकले नाही. तसे न करता तो माळ ओढीत बसला असता, तर त्या तपाला काय किंमत राहिली असती? तो अडकला पुढे. पाडस मोठे झाले, पण त्याला कळपात कसे पाठवावे, हा विचार भरताने केल्याचे कथेत कुठे दिसत नाही.

ही कथा लक्षात ठेवून आता आपण आपल्या गावाकडे येऊ. तासगावात खार ही काही कौतुकाची वस्तू नाही. हा द्राक्षांचा आणि बेदाण्याचा मुलूख आहे. 'तास-ए-गणेश' या नावाची द्राक्षाची जातच आपल्या गावाचे आणि आपल्या गणपतीचे नाव मिरवते. घड भरू लागले की पाखरे येतात, खारी येतात, आणि शेतकरी बागेवर जाळ्या पसरतो. बेदाण्याच्या शेडात खार शिरली तर ती खाते थोडे आणि नासवते फार. तेव्हा खारीवर प्रेम करा, असा उपदेश शहरातल्या गच्चीत बसून करणे सोपे आहे. ज्याने औषधाचे आणि मजुरीचे पैसे उसने आणून बाग उभी केली आहे, त्याच्यापुढे तो करणे अवघड आहे. आम्ही तो करणार नाही. आमच्या घरी जे घडले ते सांगतो.

आमच्या घरी आमच्या थोरल्या काकू असत. वयाने पंच्याहत्तरीच्या पलीकडे, सोवळ्याओवळ्याच्या कडक, आणि खारींच्या हाडवैरी. या वैराला कारण होते. काकू रोज दुपारी ओसरीवर बसून देवाच्या वाती वळीत. त्यांची पाठ वळली की लिंबावरची खार उतरे, टोपलीतला कापूस तोंडात कोंबे आणि आढ्याकडे पळे. खारीला घरट्यासाठी काथ्या, चिंध्या, कापूस असे मऊ सामान लागते, आणि काकूंचा निवडून पिंजलेला कापूस तिला भलताच पसंत होता. त्यासाठी काकूंनी एक वेताची काठी शेजारी ठेवली होती. खार दिसली की काठी जमिनीवर आपटावयाची, हा त्यांचा अनेक वर्षांचा शिरस्ता.

काही वर्षांपूर्वी फाल्गुनात एका बोक्याने आढ्याखालचे घरटे उसकले. खार मारली गेली. दोन पिल्ले ओसरीवर पडली, त्यांतले एक जागीच गेले. दुसरे बोटभर लांबीचे, डोळे मिटलेले, अंगावर नुकती लव आलेली. ते ज्या मऊ गोळ्यात गुंडाळलेले होते तो गोळा काकूंच्या वातींच्या कापसाचा होता. मुलांना वाटले, काकूआजी आता चोराचा माल जप्त करणार. काकूंनी ते गोळ्यासकट उचलले, सुपात ठेवले आणि म्हणाल्या, "कापूस हिच्याच आईने नेलेला आहे. राहू दे."

आम्ही वन खात्यात फोन केला. तेथील माणसाने सांगितले की आई मेलेली डोळ्यांनी पाहिली असेल तर पिल्लू जगवा, आणि हिंडू-फिरू लागले की सोडा. पिंजऱ्यात ठेवू नका. ही शेवटची अट त्याने दोनदा सांगितली. पुढे त्याने जे शिकवले तेही येथे सांगून ठेवतो. असे पिल्लू सापडले की माणूस आधी दूध शोधतो. आधी ऊब पाहिजे. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध घातले तर ते पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी आणि अंग गरम झाल्यावरच पाजावे, तेही थेंबाथेंबाने. घाई केली तर दूध श्वासनलिकेत जाते. गाईचे दूध खारीच्या पिल्लाला सहसा मानवत नाही. खारीचे स्वतःचे दूध त्याहून पुष्कळ स्निग्ध असते. त्याच्या सांगण्यावरून आम्ही शेळीचे दूध दिले. आणि खारीची आई जिभेने चाटून पिल्लाला मलमूत्र करावयास लावते, ते काम ओल्या कापसाच्या बोळ्याने करावे लागते. हे काम कोणी करावयाचे, यावर घरात थोडी चर्चा झाली. ते सोवळ्याच्या काकूंनी केले.

दर दोन-तीन तासांनी पाजावयाचे होते. दिवसा मुले उत्साहाने करीत. रात्री उत्साह झोपी जाई. काकूंना म्हातारपणाने झोप कमी आणि पहाटे चारला त्यांचा दिवस सुरू होई, त्यामुळे रात्रपाळी आपोआप त्यांच्याकडे गेली. डोळ्यांत औषध घालावयाची काचेची नळी घेऊन त्या अंधारात बसत आणि "भवाने, प्यायची असेल तर पी, नाहीतर नीज," असे तिच्याशी बोलत. पंधरा-वीस दिवसांनी डोळे उघडले. नाव ठेवावयाची चर्चा मुलांनी सुरू केली तेव्हा 'भवानी' हे नाव पडूनही गेले होते.

पुढचा महिनाभर घरात जे चालले त्याचे वर्णन करीत बसलो तर व्याख्यानाची वेळ संपेल. भवानी काकूंच्या खांद्यावरून डोक्यावर आणि डोक्यावरून देवघरात जाई, नैवेद्यातला शेंगदाणा उचली आणि देवासमोरच बसून दोन्ही हातांत धरून खाई. काकू वाती वळू लागल्या की ती पेळूचे दुसरे टोक ओढी. दुपारी ती त्यांच्या पदरात झोपे, आणि ती जागी होईपर्यंत काकू उठत नसत. शेजारचे एक बागाईतदार आले होते. ते म्हणाले, "काय वो काकू, आमची द्राक्षं खाणाऱ्या चोराला दूध पाजून मोठं करताय व्हय?" काकू म्हणाल्या, "तुमच्या बागेत आली तर हाकला की. मी कुठं नको म्हणते? पण आता हिला हाकलून ही कुठं जाईल?" त्या गृहस्थांनी थोडा विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी मूठभर बेदाणा कागदाच्या पुडीत पाठवून दिला.

आता या नात्याचे शास्त्र थोडे पाहू. ऑस्ट्रियातील कॉनरॅड लॉरेंझ या शास्त्रज्ञाने रानहंसांवर केलेले काम जगप्रसिद्ध आहे. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू जी हलती वस्तू पहिल्यांदा पाहते तिलाच आई समजून तिच्यामागे जाते, आणि हा ठसा पुढे सहजासहजी पुसत नाही, हे त्यांनी दाखवले. अंड्यांतून पिल्ले निघताना ते स्वतःच समोर असल्यामुळे हंसांची रांग त्यांच्यामागे चालू लागली. १९७३ साली त्यांना कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. खार सस्तन प्राणी आहे, तिच्यात हा ठसा हंसासारखा एका क्षणात उमटत नाही. पण ऊब, वास, आवाज आणि अन्न जेथून मिळते त्या ठिकाणाची सवय पिल्लाला लागते, ही गोष्ट तीच. हे समजले म्हणजे आपला थोडा अहंकार कमी होतो. भवानीला काकू आवडत होत्या की काकूंची ऊब, हे कोण सांगणार? काकूंचे मात्र निश्चित होते. त्यांना भवानी आवडत होती. नात्याची एक बाजू आपल्याला कळते ती आपलीच; आणि म्हणून हिशेबही आपणच ठेवावयाचा असतो.

त्या हिशेबाची वेळ वैशाखात आली. भवानी खिडकीतून लिंबावर जाऊ लागली होती. दिवसभर वर, संध्याकाळी काकूंच्या पदरात. सर्वांना वाटले, हेच चांगले झाले, रानही तिचे आणि घरही तिचे. एक दिवस गल्लीतला एक पोरगा गलोल घेऊन लिंबाखाली आला. वरच्या खारी चिर्रर्र करीत पानांत नाहीशा झाल्या. भवानी मात्र खोडावरून खाली उतरली आणि शेंगदाण्याच्या आशेने सरळ त्याच्या पायाशी गेली. पोरगा इतका चकित झाला की त्याचा हात गलोलीवरच राहिला. काकू ओसरीवरून पाहत होत्या.

त्या रात्री त्या एवढेच म्हणाल्या, "हिला माणसाचे भय नाही. ही जगायची नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भवानी नेहमीप्रमाणे ओसरीच्या खांबावरून उतरली. काकूंनी शेजारची वेताची काठी उचलली आणि तिच्या वीतभर पुढे जमिनीवर आपटली. ती दचकली, थबकली, आणि पुन्हा पुढे आली. काठी पुन्हा आपटली. मुले रडू लागली. धाकटी म्हणाली, "काकूआजी, तुम्ही दुष्ट आहात." काकूंनी तिच्याकडे पाहिले नाही. हे पाच-सहा दिवस चालले. एका संध्याकाळी भवानी खांबापर्यंत आलीच नाही. लिंबाच्या फांदीवर बसून, शेपटी उडवीत, ती काकूंकडे बघून चिर्रर्र चिर्रर्र करीत राहिली. खारी मांजर पाहिल्यावर करतात तशी. "शिकली," काकू म्हणाल्या आणि वातींकडे वळल्या. त्यानंतर त्या रोज कापसाचा एक पेळू परसातल्या भिंतीवर ठेवीत, आणि तो कोण नेते ते पाहावयास थांबत नसत. पुढे लिंबावर चार-पाच खारी दिसत. त्यांत भवानी होती की नव्हती, हे आम्हांला ओळखता आले नाही.

श्रोतेहो, घरगुती गोष्ट आम्ही एवढ्यासाठी सांगितली की भरत राजाला जे सुचले नाही ते एका अर्धशिक्षित म्हातारीला सुचले. पाळीव प्राण्यावर प्रेम करणाऱ्याला त्याचे प्रेम परत मिळते. रानजिवावर प्रेम करणाऱ्याने त्याची भीती परत मिळवून द्यावयाची असते, कारण रानात ती भीतीच त्याचे चिलखत आहे. आणि ती भीती आपल्यालाही लागू पडणार, त्यातून आपली सुटका नाही.

असे न झाले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण सर्व देशाने वर्तमानपत्रांतून वाचले. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने २०२२ साली पाय मोडलेला सारस पक्षी शेतातून उचलून बरा केला. तो त्याने बांधून ठेवला नव्हता. सारस मोकळा होता आणि मोकळेपणी त्या माणसाच्या मागे उडत असे. २०२३ च्या मार्चमध्ये वन खात्याने तो ताब्यात घेऊन पक्षी अभयारण्यात सोडला. तेथून तो वस्तीकडे गेला, आणि शेवटी त्याला कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात ठेवावे लागले. कोण बरोबर आणि कोण चूक, यावर पुष्कळ वाद झाला. त्या शेतकऱ्याचे हृदय सोन्याचे होते यात शंका नाही, आणि कायदाही उगीच केलेला नव्हता. पण जो पक्षी उघड्या आकाशात होता तो जाळीच्या आत गेला, ही गोष्ट उरते. माणसावर फार विश्वास ठेवणाऱ्या रानजिवाला माणसांच्या जगात मोकळी जागा सापडत नाही.

मग कोणी म्हणेल, परत जाणे ज्याला शक्यच नाही त्याचे काय करावे? याचे उत्तर महाराष्ट्रात शोधावयाचे तर हेमलकशाला जावे लागेल. भामरागडच्या जंगलात २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे काम करणारे डॉ. प्रकाश आमटे यांना काही काळाने वाटेत माडिया शिकारी भेटले. त्यांनी मारलेली माकडीण बांबूला बांधून चालवली होती, आणि तिचे जिवंत पिल्लू मेलेल्या आईला बिलगून दूध पिण्याची धडपड करीत होते. डॉक्टरांनी ते पिल्लू मागितले. शिकाऱ्यांच्या लेखी ते अन्न होते, आणि अन्न फुकट मागणे योग्य नव्हते. म्हणून त्यांनी त्याच्या बदल्यात तांदूळ दिला. पिल्लाचे नाव बबली ठेवले. घरातल्या कुत्रीशी तिची गट्टी जमली. पुढे शिकारीत अनाथ झालेली पिल्ले माडिया लोक आपण होऊन आणून देऊ लागले, आणि त्यांतून तेथले प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. डॉक्टरांच्या 'रानमित्र' या पुस्तकात या प्राण्यांची हकीकत आहे.

या गोष्टीत आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो तांदूळ. डॉक्टरांनी भुकेल्या माणसाला दयेचे व्याख्यान दिले नाही. त्याची भूक खरी मानली आणि मग पिल्लाचा जीव मागितला. आपल्या द्राक्षबागाईतदारालाही हाच न्याय लावला पाहिजे. त्याने जाळी लावावी, डबे वाजवावेत, शेडाची फटी बुजवावी. हा त्याचा हक्क आहे. विषाचे दाणे टाकणे हा नव्हे. ते विष खारीपाशी थांबत नाही. ती खाणाऱ्या घुबडापर्यंत, घारीपर्यंत आणि दारातल्या मांजरापर्यंत जाते. शिवाय घुबड नाहीसे झाले की उंदीर वाढतात, आणि मग नुकसान कोणाचे होते ते सांगावयास नको.

आपल्याच जिल्ह्यात याच नात्याचे आणखी एक जुने रूप आहे, बत्तीस शिराळ्याचे. तेथे नागपंचमीच्या आधी नाग पकडून घरोघर मडक्यांत ठेवीत, सणाला त्यांची पूजा आणि मिरवणूक करीत, आणि नंतर त्यांना रानात सोडीत. ज्या प्राण्याला पाहून माणूस दगड उचलतो त्याला घरात ठेवून नमस्कार करणारे गाव जगात दुर्मीळच म्हणावयाचे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग पकडता येत नाही. २००२ साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि पुढील काही वर्षांत जिवंत नागांची मिरवणूक थांबून प्रतिमांची पूजा सुरू झाली. २०२५ साली केंद्र सरकारने शैक्षणिक कारणासाठी काही नाग पकडण्यास मर्यादित परवानगी दिली. शिराळकरांना या बंदीचे दुःख झाले, आणि त्यांची भावना खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही एवढेच सुचवतो की त्या परंपरेत पकडण्याइतकेच सोडून देण्यालाही महत्त्व होते. ज्या गावाला नाग सोडून देता येतो त्याला न पकडताही त्याच्यावर प्रेम करता येईल.

आणि तसे प्रेम करून दाखवणारा माणूसही याच मातीतला होता. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. नागझिऱ्याच्या जंगलात राहून त्यांनी वानरांच्या टोळ्या पाहिल्या आणि त्यांवर 'सत्तांतर' लिहिले. १९८३ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांनी वानराला घरी आणले नाही. ते वानराच्या घरी गेले, दूर बसले, आणि पाहिले. हातात घेतल्यावाचून ओळख होत नाही, असा आपला समज असतो, तो अशा पुस्तकांनी दूर होतो.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो, कारण आता उन्हाळा आहे, आणि या दिवसांत घरट्यांतून पिल्ले पडतात. पिल्लू सापडले आणि आई मेलेली नसेल, तर ते उचलून घरात नेऊ नये. मऊ फडके घातलेल्या उघड्या टोपलीत ठेवून टोपली त्याच झाडाला, मांजराच्या वाटेपासून उंच बांधावी आणि दूर व्हावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खारीच्या बाबतीत खरा नाही. आई येते, मानेला धरते आणि घेऊन जाते. आई नसेल तर ऊब द्यावी आणि वन खात्याला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. रानजीव पिंजऱ्यात पाळणे, विकणे, विकत घेणे कायद्याला मंजूर नाही. कोणताही रानजीव चावला, विशेषतः माकड किंवा मुंगूस, तर जखम साबणाने भरपूर पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि मुलांच्या हातातली गलोल रागावून काढून घेण्यापेक्षा त्यांना एकदा खारीचे घरटे दुरून दाखवावे. ते दाखवण्याचा परिणाम अधिक काळ टिकतो.

खार माणसाच्या शेजारी राहून कोठेही नांदते. ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ साली सोडलेल्या आपल्या देशातल्या खारींचा वंश त्या परक्या शहरात वाढला. तेव्हा तिला आपल्या कृपेची फार गरज आहे, अशा भ्रमात आपण राहू नये. तिला लागते एक झाड, थोडी पोकळ जागा, आणि आपण काठी आपटली तर पळून जाता येईल इतकी वाट. सिमेंटच्या घरांना आढी नाहीत आणि परसांत लिंब उरत नाहीत, अशा दिवसांत ही तीन दानेही लहान नाहीत.

घरात आलेला रानजीव हा पाहुणा असतो. पाहुण्याचे आपण पाय धुतो, त्याला जेवू घालतो, आणि त्याची निघण्याची वेळ झाली की दारापर्यंत जातो. तो राहिला तर आनंद आपला असतो, आणि तो गेला तर घर त्याचे असते. जाताना त्याने मागे वळून पाहावे, अशी अट पाहुणचारात नसते.